शेजारी बसलेल्याला विचारलंत का?



दीक्षान्त भाषणात पाहुण्याने स्वप्नांविषयी बोलावं असा रिवाज आहे. तो मोडून मी गाडीविषयी बोलणार आहे, आणि त्यातही गाडी चालवणाऱ्यापेक्षा तिच्यात बसणाऱ्याविषयी.

आपल्या बीड जिल्ह्याला हा विषय परका नाही. ३ जून २०१४ रोजी गोपीनाथराव मुंडे दिल्लीत सकाळी विमानतळाकडे निघाले होते. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता, इकडे जिल्ह्यात सत्काराची तयारी चालली होती. चौकात दुसरी गाडी येऊन धडकली. मागच्या सीटवर बसलेले मुंडेसाहेब त्यात गेले. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे आपल्याच जिल्ह्याचे नेते विनायकराव मेटे मराठा आरक्षणाच्या बैठकीसाठी मुंबईला चालले होते. द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ अपघात झाला आणि तेही गेले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला, पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले. तेही मागच्याच सीटवर होते.

स्वयंचलित गाड्यांचा या तिन्ही अपघातांशी काही संबंध नाही, हे आधीच सांगतो. पण गाडीत बसलेल्या माणसाच्या हातात काय असतं, ते यातून कळतं. तो पट्टा बांधू शकतो. बाकी सगळं त्याने दार लावतानाच दुसऱ्याच्या हवाली केलेलं असतं.

आता या व्यवहारात तिसरा गडी आला आहे. २०२१ पासून आपल्याकडच्या बऱ्यापैकी परवडणाऱ्या गाड्यांतही 'अडास' नावाची यंत्रणा मिळू लागली. त्यातली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० तर चाकणला बनली, जिथे तुमच्या वर्गातले कितीतरी जण नोकरीला जाणार आहेत. ही यंत्रणा पुढच्या गाडीपासून अंतर राखते, रस्त्यावरच्या पट्ट्यांच्या मधोमध गाडी ठेवते, वेळ पडली तर ब्रेक लावते. अभियंत्यांच्या जागतिक मोजपट्टीवर शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या आहेत, आणि आपल्याकडे विकली जाते ती फार तर दोन क्रमांकाची पायरी. तिथे गाडी मदत करते, चालवतो माणूसच. नजर त्याने ठेवायची, जबाबदारीही त्याचीच. पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं असतं. शोरूममध्ये मात्र विकणारा मुलगा सांगतो, "साहेब, गाडी स्वतः चालते." आणि मग समाजमाध्यमांवर त्या चित्रफिती येतात. चालकाची सीट सोडून माणूस बाजूला बसलाय, गाणं लावलंय, गाडी महामार्गावर धावतेय.

चित्रफितीतल्या हिरोबद्दल मला फारसं बोलायचं नाही. तो मूर्ख आहे, आणि मूर्खासाठी कायदा आहे. मला काळजी वाटते ती शहाण्या, कर्तबगार, आईवडिलांवर जीव असलेल्या मुलाची. म्हणजे तुमची.

चार-पाच वर्षांनी तुम्ही गाडी घ्याल. आईवडिलांना घेऊन सोलापूर-धुळे महामार्गाने निघाल. गेवराई सोडली की रस्ता सरळ, गाडी नवी. तुम्ही बटण दाबाल, स्टेअरिंगवरून हात उचलाल आणि म्हणाल, "बाबा, बघा!" मागून आई म्हणेल, "अरे, धर की ते." वडील काहीच म्हणणार नाहीत. ज्यांनी आयुष्यभर प्रत्येक ड्रायव्हरला "सावकाश" म्हणून सांगितलं, ते आज गप्प बसतील, कारण गाडी पोराची आहे आणि पोराचा चेहरा फुललेला आहे. या गप्प बसण्याला तुम्ही संमती समजाल. ती संमती नाही. शंभरच्या वेगात, दार बंद असताना, ज्याला नाही म्हणणं अवघड आहे त्याच्याकडून मिळालेला होकार हिशेबात धरता येत नाही.

स्वतःच्या जिवाशी खेळायचा हक्क माणसाला किती असावा, यावर वाद घालता येईल. एकट्याने गाडीत बसून नव्या यंत्राची परीक्षा घ्यायला निघालात, तर मी तुम्हाला निदान अर्धा माफ करीन. अर्धाच, कारण रस्त्यावर इतरही असतात. पण शेजारी कोणी बसलं की गोष्ट बदलते. त्याने भरवसा टाकला तो तुमच्या डोळ्यांवर, तुमच्या सवयीवर. विश्वासाने कोणी ठेवायला दिलेलं सोनं आपण न विचारता तिसऱ्याच्या कपाटात ठेवत नाही. ते कपाट आपल्यापेक्षा भक्कम असलं तरी नाही.

"पण सर, यंत्र माणसापेक्षा सावध असतं ना?" हा प्रश्न तुमच्यातल्या हुशार मुलांच्या मनात आला असणार, आणि तो रास्त आहे. यंत्राला डुलकी येत नाही, ते दारू पीत नाही. म्हणून सरसकट 'अडास बंद ठेवा' असं मी म्हणणार नाही. या यंत्रणेत दोन जाती आहेत, आणि त्यांची गल्लत होते. एक जात तुमच्यावर नजर ठेवते: अचानक ब्रेक लावणारी, डोळे मिटू लागले की ओरडणारी, पट्टा ओलांडलात की इशारा देणारी. ही चालूच ठेवा, माणसं गाडीत असताना तर नक्कीच. दुसऱ्या जातीवर तुम्हाला नजर ठेवावी लागते: वेग आणि स्टेअरिंग स्वतःकडे घेणारी. तुमचं काम ती कमी करत नाही, बदलते. हातांचं काम जातं आणि पहारा देण्याचं काम येतं. पहारा देणं माणसाला फार वाईट जमतं. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच एका निबंधात हे मांडलं होतं. सोपं काम यंत्राकडे गेलं की माणसाकडे सर्वांत कठीण क्षण तेवढा उरतो, आणि तोवर त्याचा सराव गेलेला असतो. त्या बोलत होत्या कारखान्यांविषयी. आज तो कारखाना आपल्या मांडीपाशी आहे.

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी-गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. कधी तिला वाहन मानलं, कधी सायकल, कधी 'इतर काही'. झेब्रा पट्ट्यांबाहेर माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच आज्ञावलीत धरलेली नव्हती. गाडीत पहाऱ्याला बसवलेली व्यक्ती मोबाइलवर कार्यक्रम बघत होती. शिक्षा तिला झाली.

हा तपशील ऐकताना मला आपला रस्ता आठवतो. पट्ट्यांबाहेर रस्ता ओलांडणारा माणूस हा आपल्याकडे अपवाद नाही, तोच नियम आहे. आणि दसरा-दिवाळीपासून पुढे मार्चपर्यंत आपल्या रस्त्यांवर जे चालतं, ते कुठल्या परदेशी आज्ञावलीत बसत असेल? ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं, वर बसलेल्या बाया. मग हंगामभर ट्रॉलीत ऊस, तोही दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. मागे दिवा नाही, रेडियमची पट्टी धुळीने मढलेली. टायर फुटला की ट्रॉली तिथेच उभी, मागे चार दगड ठेवलेले. वेगात असताना पुढची थांबलेली वस्तू वेळेत ओळखणं हे या यंत्रणांचं जुनं दुखणं आहे. कंपन्या स्वतःच पुस्तिकेत बजावतात की थांबलेली वाहनं, जनावरं, विचित्र आकाराचा माल, धूळ, धुकं, पुसलेले पट्टे, यांपुढे भरवसा ठेवू नका. ही यादी कुणीतरी आपल्या जिल्ह्यात हिंडून लिहिली असावी असा मला संशय आहे. अशा वेळी बटणावर विसंबणं म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा. धारूरच्या घाटाबद्दल तर मी बोलतही नाही.

त्या ट्रॉलीवर बसलेल्या बाईलाही कुणी विचारलेलं नसतं. मुकादमाने उचल दिली, ट्रॅक्टर दारात आला, ती चढली. पंधरा लाखांच्या गाडीतला होकार संशयास्पद असेल, तर तिचा होकार कुठे शोधायचा? तुमच्या गाडीच्या प्रयोगात ती सामील आहे, आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

दोष कुणाचा, हे जग हळूहळू ठरवतंय. फ्लोरिडात २०१९ साली टेस्लाच्या चालकाने अशीच यंत्रणा चालू ठेवून पडलेला फोन उचलायला मान खाली घातली आणि रस्त्याकडेला उभी असलेली २२ वर्षांची मुलगी गेली. १ ऑगस्ट २०२५ ला मायामीच्या ज्यूरीने सुमारे एक तृतीयांश दोष कंपनीवर टाकला. उरलेला दोन तृतीयांश चालकाचा. आपल्याकडे अशी वाटणी अजून नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि 'गाडी स्वतः चालली होती' हे उत्तर पोलीस ठाण्यात कुणी ऐकून घेणार नाही. नितीन गडकरींनी २०२३ च्या डिसेंबरात नागपुरात सांगितलं की चालकांची रोजीरोटी जाते म्हणून विनाचालक गाड्या आपण येऊ देणार नाही. पुण्या-मुंबईत टॅक्सी चालवणारी आपली पोरं बघता मला ते पटतं. पण पूर्ण विनाचालक गाडी दारावर अडवली तरी अर्धी विनाचालक गाडी शोरूममधून केव्हाच घरात आली आहे.

तेव्हा माझं मागणं दोन प्रकारचं आहे. गाडीत लेकरू असेल, म्हातारं माणूस असेल, किंवा तुमच्या हाताखाली काम करणारा कुणी असेल, म्हणजे ज्याला नाही म्हणता येणार नाही असा कुणीही, तर स्टेअरिंग यंत्राकडे देऊ नका. इतरांना विचारा, पण गाडी सुरू करण्याआधी, आणि 'नको' म्हणाले तर चेष्टा न करता. उलटंही लक्षात ठेवा: मागे बसलेला मालक तुम्ही असाल आणि पुढे पगारी ड्रायव्हर असेल, तर "ते चालू कर आणि माझ्या या फायली बघ" असं त्याला सांगायचं नाही. आणि मागे बसलात तर पट्टा लावा. पट्ट्याचा भोंगा बंद करणाऱ्या क्लिपा विकू नका, असा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२३ मध्ये पाच ऑनलाइन दुकानांना द्यावा लागला. स्वतःचा जीव वाचवणारं यंत्र गप्प करायला पैसे मोजणारी आपली जात आहे, हे विसरून चालणार नाही.

दुसरं मागणं चाकण-हिंजवडीला जाणाऱ्यांकडे. तुमच्यातला कुणी कॅमेऱ्याच्या चित्रांवर खुणा करायच्या कामाला लागेल, कुणी चाचणी-विभागात. तिथे तुमच्या शेजारी बसणाऱ्या इंजिनिअरने उसाची डबल ट्रॉली अंधारात पाठीमागून कधी पाहिलेली नसेल. तुम्ही पाहिलेली आहे. गाडी चकचकीत चाचणी-पट्टीवर उत्तीर्ण झाली की सही करून मोकळे होऊ नका. हंगामात, दिवस मावळल्यावर, माजलगाव-तेलगाव रस्त्यावर ती आणून बघा, असं वरिष्ठांना लेखी कळवा. आणि ती जिथे चुकेल, ते वाक्य पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत न ठेवता मराठीत, ठळक, स्टेअरिंगसमोरच्या पडद्यावर दिसेल असं लिहून घ्या. शेजारी बसलेल्या बाईलाही ते वाचता आलं पाहिजे.