निवृत्तिवेतन, अर्धवेळ मानधन आणि आयकर

(सुवर्णमहोत्सवानिमित्त नरसिंहपूर येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



श्री लक्ष्मी-नृसिंहाच्या या क्षेत्री नीरा आणि भीमा एकत्र येतात. संगमाच्या वर दोन्ही नद्यांची पाणी वेगवेगळी ओळखता येतात. खाली गेल्यावर नीरेचे कोणते आणि भीमेचे कोणते, हे कोणासही सांगता येत नाही. आजचा विषय रुक्ष आहे, परंतु त्याचे मर्म या घाटावर बसून चांगले कळते. सेवानिवृत्त मनुष्याचे निवृत्तिवेतन एका वाटेने येते, अर्धवेळ कामाचे मानधन दुसऱ्या वाटेने येते, ठेवींचे व्याज तिसऱ्या वाटेने. आयकर खाते मात्र संगमाच्या खाली उभे राहून पाणी मोजते.

हा प्रश्न आता घरोघरी आला आहे. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने जिल्हा परिषदेच्या शाळांतील रिक्त जागांवर तात्पुरत्या स्वरूपात सेवानिवृत्त शिक्षकांना ७० वर्षे वयापर्यंत, दरमहा २०,००० रुपये मानधनावर घेण्याचा निर्णय केला. याखेरीज पतसंस्थेत हिशेब पाहणारे निवृत्त बँक कर्मचारी आहेत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन ठेकेदारांना सल्ला देणारे अभियंते आहेत, पाठशाळेत शिकविणारे गुरुजी आहेत. वालचंदनगरसारख्या औद्योगिक गावांतून निवृत्त झालेल्या कामगारांची गोष्ट आणखी वेगळी. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून दरमहा १,००० रुपये ठरले आहे. एवढ्यावर कोणाचे भागणार? गळीत हंगामात चार महिने काट्यावर बसणे, ही अशा वृद्धाची हौस नसून गरज असते.

निवृत्तिवेतन हे दान नव्हे, तो केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात स्पष्ट केले. परंतु हक्क असला तरी तो करमुक्त नाही. १८८६ च्या कायद्यापासूनच वेतन आणि पेन्शन एका भागात घातली गेली आहेत, आणि शेतीचे उत्पन्न तेव्हापासून वगळलेले आहे. आजही निवृत्तिवेतन ‘वेतन’ या सदराखालीच करपात्र ठरते. शासकीय सेवकास निवृत्तीसमयी मिळालेली अंशराशीकरणाची रक्कम आणि उपदान तेवढे करमुक्त. पतीच्या पश्चात मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतन मात्र ‘इतर उत्पन्न’ या सदरात जाते आणि त्याची वजावट निराळी आहे.

“मानधनावर कर नसतो,” हे वाक्य अनेकांच्या तोंडी असते. मानधन या शब्दात ‘मान’ आहे म्हणून ते करमुक्त होत नाही. खरा प्रश्न एवढाच, की ते वेतन की व्यवसायाची फी? ठरावीक वेळ, वरिष्ठांचे नियंत्रण आणि रजेचा अर्ज असेल, तर ते वेतन. स्वतंत्रपणे सल्ला देऊन बिल करणारा असेल, तर ती व्यावसायिक फी. कागदावर कोणता शब्द लिहिला यापेक्षा प्रत्यक्ष नाते काय, हे पाहिले जाते.

आकडे घेतल्याशिवाय समजूत पटत नाही. पुढील सर्व आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून कलमे मुद्दाम टाळली आहेत.

एक ६६ वर्षांचे गुरुजी कल्पनेत आणावेत. निवृत्तिवेतन वर्षाला ५,४०,००० रुपये, शाळेचे दहा महिन्यांचे मानधन २,००,००० आणि ठेवींचे व्याज १,२०,०००, एकूण ८,६०,०००. नव्या पद्धतीत वेतन व निवृत्तिवेतन मिळून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट एकदाच मिळते. उरले ७,८५,०००. बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण करसवलत असल्यामुळे कर शून्य. याच गुरुजींनी जुन्या सवयीने जुनी पद्धत निवडली, तर ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि ज्येष्ठांना व्याजापोटी मिळणारी ५०,००० ची वजावट जाऊन ७,६०,००० राहतात. त्यावर उपकरासह ६४,४८० रुपये कर बसतो. विमा-भविष्यनिर्वाहाची वजावट असेल तर तो कमी होईल, शून्य होणार नाही. सवयीची किंमत तीन महिन्यांच्या मानधनाहून अधिक! तरीही, व्याज एका बँकेत एक लाखाच्या वर गेल्यामुळे, वेळीच पंधरा-एच नमुना दिला नसेल, तर बँक दहा टक्के कापून घेते. ते पैसे परत मिळतात, पण विवरणपत्र भरले तरच.

आता दुसरे उदाहरण, आणि खरा खड्डा येथेच आहे. निवृत्त अधिकाऱ्याचे निवृत्तिवेतन ११,४०,००० रुपये. प्रमाणित वजावट जाऊन १०,६५,०००. कर शून्य, म्हणून निवृत्तिवेतन देणारे कार्यालय काहीच कापत नाही. एखाद्या संस्थेत ते दरमहा २०,००० रुपये पगारावर अर्धवेळ बसतात. वर्षाचे २,४०,०००. ती संस्थाही एवढ्या पगारावर काही कापत नाही. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर. परंतु बेरीज १३,०५,००० होते आणि कर उपकरासह ७८,७८० रुपये! मिळालेल्या मानधनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. त्या रकमेची कोणी आगाऊ कल्पना दिलेली नसते, पैसा खर्चून गेलेला असतो, आणि विवरणपत्र भरताना सनदी लेखापालाच्या कार्यालयात घरचा कर्ता मनुष्य मान खाली घालून बसतो. संस्थेस आपले निवृत्तिवेतन लेखी कळविले असते, तर तिने दरमहा थोडे थोडे कापले असते.

हेच गृहस्थ अभियंता असून तांत्रिक सल्ल्याची खरीखुरी फी घेत असतील, तर अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत फीच्या निम्मी रक्कमच उत्पन्न धरता येते. मग करपात्र उत्पन्न ११,८५,००० आणि कर शून्य. लेखाकर्म, वैद्यक, वकिली, वास्तुशास्त्र यांनाही ही सोय आहे, शिकवणीला नाही. पण पगारास फीचे कपडे चढवून ही सोय घेऊ नये. फी वर्षाला ५०,००० च्या वर गेली की देणाऱ्याने दहा टक्के कापायचे असतात. शिवाय ज्येष्ठ नागरिकास अग्रिम करातून जी माफी आहे, ती व्यवसायाचे उत्पन्न नसेल तरच. फी घेणाऱ्यास ‘सहज’ हे सोपे विवरणपत्रही चालत नाही.

इंदापूर-बारामतीकडे ऊस आणि डाळिंबाची जोड अनेक निवृत्तांना आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त खरे, परंतु इतर उत्पन्नावर कर लागत असेल, तर दर ठरविताना ते मोजले जाते. दुधाचे पैसे शेतीत धरू नयेत. ते व्यवसायाचे उत्पन्न आहे.

काही जण या सर्वांवर एकच तोड सांगतात: “रोखीने द्या, नोंद नको.” येथे श्रावकाने क्षणभर थांबावे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. मापात कमी-अधिक करणे हा त्यांपैकी एक आहे, आणि दुकानात गज आखूड न धरणारे तो कसोशीने टाळतात. त्याच यादीत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आहे. राज्याचा कर चुकविणे त्यातच येते, असा अर्थ विवेचक करतात. गजाविषयी एवढे जागरूक असणारे कराविषयी तितके का नसतात, हे कोडेच आहे.

व्यवहाराच्या दृष्टीनेही रोखीचा मार्ग न्यासालाच महाग पडतो. एका व्यक्तीस एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिले, तर ती रक्कम धर्मादाय कार्यावरील खर्च म्हणून धरली जात नाही. करकपात करणे आवश्यक असताना केली नाही, तर त्या रकमेच्या तीस टक्के भाग नाकारला जातो. म्हणून पाठशाळेचे गुरुजी असोत वा अर्धवेळ मुनीम, नियुक्तीपत्र द्यावे, रक्कम खात्यात जमा करावी आणि त्यांना निवृत्तिवेतन किती मिळते हे एप्रिलमध्येच लेखी विचारून घ्यावे. वर्षअखेरीस त्यांना संगणकावरील वार्षिक माहिती विवरणाची प्रत काढून द्यावी. त्या प्रतीत निवृत्तिवेतन, व्याज आणि बहुतेक मानधन एकाच कागदावर दिसते. अनेक वृद्धांना तो कागद डोळ्यांनी पाहावयास मिळत नाही, कारण त्यांच्या भ्रमणध्वनीवरील परवलीचा शब्द मुलाजवळ पुण्यात असतो.