मुरबाडची गाडी, दहा फुटी भिंतीवर



शहापूरचं रेल्वे स्टेशन शहापुरात नाही, आसनगावात आहे. मुरबाडला तर रेल्वेच नाही. गाडी पकडायची तर एसटीनं किंवा जीपनं आधी कल्याण गाठायचं. कल्याण-मुरबाड रेल्वेची बातमी दर काही वर्षांनी नव्यानं कानावर येते, पाहणी झाली, मंजुरी मिळाली वगैरे. गाडी मात्र आलेली नाही. आज मी बोलणार आहे ती घरातल्या रेल्वेबद्दल. मॉडेल रेल्वेबद्दल. आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल, रूळ मांडण्याआधी कागदावर करायच्या आराखड्याबद्दल. मुरबाडला गाडी आणणं आपल्या हातात कधी असेल, तर ते इथेच.

खेळण्याच्या खोक्यात रुळांचा एक गोल येतो. तो जोडायचा, इंजिन ठेवायचं, बटण दाबायचं. गाडी फिरते. पंधरा मिनिटांनी पोरं उठून बाहेर जातात आणि त्यांचं काही चुकत नाही. गाडीला धावता येतं, पण तिला काही काम नसतं. पुढे हौस वाढली की माणूस आणखी रूळ आणतो, गोलात दुसरा गोल टाकतो, मधोमध एक पूल बसवतो, डोंगर करतो. रूळ दुप्पट होतात, काम तेवढंच. माझं म्हणणं साधं आहे: गाडी कुठून कुठे धावेल हे नंतर बघा. ती कुठे थांबेल, का थांबेल आणि थांबल्यावर काय करेल, हे आधी ठरवा.

हे शिकायला परदेशी पुस्तकं नकोत. कसारा गाठा आणि फलाटावर दोन तास बसा. मुंबईहून आलेली लोकल तिथे संपते आणि पुन्हा उलटी निघते. नाशिककडे जाणारी मेल येते, थांबते; तिला ढकलायला मागे बँकर इंजिनं लागतात, कारण पुढे थळ घाट आहे आणि त्याचा चढ 37 ला 1 आहे. म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर. मालगाडी बाजूच्या लूपवर, म्हणजे मुख्य लाइनीतून फुटून पुन्हा तिलाच मिळणाऱ्या रुळावर, वाट बघत उभी असते. बँकर वर इगतपुरीला सुटतात आणि रिकामे खाली येतात. लाइनवर धावण्यात यातलं फार थोडं आहे. बहुतेक सगळं काम उभ्या गाड्यांचं आहे, आणि रूळ त्या कामासाठी टाकलेले आहेत. कसाऱ्याला इतक्या लायनी का आहेत, हे त्या दोन तासांत कुणी न सांगता कळतं.

या लाइनचा इतिहासही तेच सांगतो. कल्याणहून वासिंदपर्यंत गाडी 1855 साली आली. आसनगावला 1860 मध्ये, कसाऱ्याला 1861 च्या पहिल्या दिवशी. तिथून इगतपुरी पंधरा किलोमीटरच्या आसपास, पण तिथे पोचायला 1865 उजाडलं. सपाटीवर रूळ टाकणं आणि चढावर टाकणं यात एवढा फरक. घरच्या टेबलावरही तो तसाच आहे, फक्त त्याचं मोजमाप सेंटीमीटरमध्ये.

आता मोजमापाकडेच येऊ, कारण बहुतेक आराखडे इथे फसतात. मॉडेल रेल्वेत सर्वांत जास्त चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे 87 ला 1. या प्रमाणात आपला 21.3 मीटरचा प्रवासी डबा साडेचोवीस सेंटीमीटरचा होतो. बारा डब्यांची कसारा लोकल जवळजवळ तीन मीटर. आसनगाव ते कसारा हे पस्तीस किलोमीटर याच प्रमाणात काढायचे म्हटले तर चारशे मीटर रूळ लागतील. एवढं घर शहापुरात कुणाचं नाही. तेव्हा कापाकापी करावीच लागते. ती कुठे करायची, हाच आराखड्याचा खरा प्रश्न. अंतर कापा, डबे कमी करा, पण स्टेशनातली लूप लाइन कापू नका.

वळणांचं तर याहून कठीण. भारतात ब्रॉडगेजवर चालणारं सर्वांत आवळ वळण 175 मीटर त्रिज्येचं. एचओमध्ये ते दोन मीटर होतं. दोन मीटर त्रिज्या म्हणजे चार मीटर रुंदीचा गोल. आणि खोक्यातला नेहमीचा गोल किती? त्याची त्रिज्या 438 मिलिमीटर. प्रत्यक्षात ते 38 मीटरचं वळण झालं; त्यावर खरा डबा जाणारच नाही. मॉडेलचा डबा जातो, पण त्याचं पोट आत आणि टोकं बाहेर लोंबतात, आणि शेजारच्या लाइनवरच्या गाडीला घासतात. डब्याच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्या धरा, असा हौशी लोकांचा एक अंदाज आहे. म्हणजे आपल्या डब्याला पाऊण मीटर. पण बाजारात प्लायवूडचा तक्ता मिळतो आठ फूट बाय चार फूट. चार फुटांत पाऊण मीटर त्रिज्येचा गोल मावत नाही. तरीही हा तक्ता आणला की माणूस त्यावर गोलच टाकतो, कारण तक्ता समोर असतो आणि विचार अजून झालेला नसतो. शिवाय भिंतीला लावलेल्या चार फुटी टेबलाच्या पलीकडच्या कडेला हात पोचत नाही. तिथेच नेमका डबा रुळावरून उतरतो. अडीच फुटांपलीकडे काही ठेवू नये.

अरुंद रुळांच्या गाड्यांचं तसं नाही. 1907 साली सुरू झालेली नेरळ-माथेरान लाइन दोन फुटी रुळांची आहे आणि तिची वळणं मुळातच इतकी आवळलेली की टेबलावर ती खोटी वाटत नाहीत. जागा अगदीच तोकडी असेल तर माथेरानकडे वळावं. पण आपण मुरबाडबद्दल बोलत होतो.

मुरबाड आणि रेल्वे यांचं नातं दिसतं त्याहून जुनं आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या अगदी सुरुवातीच्या योजनांमध्ये सह्याद्री चढायला माळशेज घाट धरलेला होता. पुढे कंपनीचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांनी घाटांची पाहणी केली आणि माळशेज मागे पडून थळ आणि बोर हे दोन घाट पक्के झाले. म्हणजे शहापूरला लाइन मिळाली, मुरबाडची हुकली. आजही माळशेजमार्गे अहिल्यानगरला रेल्वे व्हावी ही मागणी आहेच. मॉडेल करणाऱ्याला याहून चांगलं आमंत्रण नाही. न झालेली लाइन करताना कुणी येऊन सांगू शकत नाही की तुमचा सिग्नल चुकीच्या जागी आहे.

तर मुरबाडला शेवटचं स्टेशन धरू. कल्याणहून येणारी एकेरी लाइन इथे संपते. पॅसेंजर गाडी छोटी: एक डिझेल इंजिन आणि तीन डबे. खोलीची एक भिंत हवी, दहा फुटी. तीन मीटर लांब आणि सव्वा फूट रुंद फळी पुरे. गोल नाहीच, त्यामुळे वळणाची कटकट मिटली.

हिशेब असा मांडायचा. गाडी येऊन फलाटाला थांबली की इंजिन अडकलं. त्याच्या मागे तीन डबे. त्याला सुटून पुढे जायचं आहे, बाजूच्या लूपवरून मागे यायचं आहे आणि दुसऱ्या टोकाला लागायचं आहे. तीन डब्यांना पंचाहत्तर सेंटीमीटर उभं राहायला जागा हवी. लूपच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा; मधल्या आकाराचा सांधा बावीस सेंटीमीटरचा असतो. सांध्यापाशी दोन रूळ इतके जवळ असतात की तिथे डबा उभा केला तर शेजारून इंजिन जाणार नाही. त्या फाउलिंगच्या खुणेसाठी दोन्हीकडे दहा-बारा सेंटीमीटर सोडायचे. शेवटच्या सांध्याच्या पुढे इंजिनापुरता तुकडा, पंचवीस सेंटीमीटर. बेरीज केली की पावणेदोन मीटरच्या आत मुरबाड स्टेशन बसतं. हा शेवटचा तुकडा लोक विसरतात. सगळं सुंदर जोडून होतं आणि मग लक्षात येतं की इंजिन सांधा ओलांडून उभं राहायला चार सेंटीमीटर कमी पडले.

उरलेल्या सव्वा मीटरमध्ये कल्याण. ते दाखवायचं नाही. एका पुठ्ठ्याच्या टेकडीआड किंवा पुलाखाली लाइन नाहीशी होते आणि पलीकडे एक सरकता ट्रे असतो, त्यावर समांतर चार लायनी. ट्रे सरकवला की दुसरी गाडी लाइनसमोर येते. सांधे नकोत, जागा वाचते. प्रेक्षकाला वाटतं गाडी कल्याणला गेली. सुताराला सांगून कपाटाच्या खणाच्या पट्ट्या बसवल्या की ट्रे सुरेख सरकतो.

ज्यांना घाट केल्याशिवाय चैन पडणार नाही त्यांच्यासाठी दोन आकडे. एका लाइनवरून दुसरी न्यायची तर एचओमध्ये रुळापासून रुळापर्यंत आठ सेंटीमीटर उंची लागते. कसाऱ्याचा 37 ला 1 चढ घेतला तर त्यासाठी तीन मीटर लागतात, म्हणजे आपली अख्खी दहा फुटी भिंत, आणि चढ सुरू होताना व संपताना जो हळूहळू मोडायचा असतो त्याची जागा वेगळी. मॉडेलचं इंजिन या चढावर सपाटीपेक्षा बरेच कमी डबे ओढतं. बँकर लावता येतो, पण दोन इंजिनांचा वेग जुळवणं हे वेगळंच दुखणं. गोल जिन्यासारखा चढ केला आणि त्रिज्या साठ सेंटीमीटर धरली तर एका फेऱ्यात पावणेचार मीटर रूळ होतो आणि गाडी दहा सेंटीमीटर वर येते. ते जमतं; पण सव्वा मीटर चौरस कोपरा खातं. कौलारू घराच्या माळ्यावर जागा असेल तर करावं. पहिल्याच लेआउटला नको.

आणखी एक सापळा विजेचा. गाडी उलटी फिरवायला लाइन टोकाशी वळवून पुन्हा तिच्यातच जोडावी, असं सुचतं. साध्या डीसीवर डावा रूळ एका ध्रुवाचा, उजवा दुसऱ्याचा. असा फेरा टाकला की डावा रूळ उजव्याला येऊन भिडतो आणि शॉर्ट होतो. त्या फेऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत प्लास्टिकचे जोड घालून तो तुकडा वेगळा करावा लागतो, त्याला उलटसुलट करणारं स्वतंत्र बटण लागतं, आणि तो तुकडा सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठा हवा. कागदावर हे दिसत नाही, कारण कागदावर रूळ एका रेघेनं काढतात. दोन रेघांनी, दोन रंगांत काढा, लगेच दिसेल.

ब्रॉडगेजचे जाणकार इथे हटकून एक आक्षेप घेतात, तो खरा आहे. आपला गेज 1676 मिलिमीटर. 87 ला 1 मध्ये तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा. बाजारातला एचओ रूळ साडेसोळाचा, परदेशी स्टँडर्ड गेजच्या मापाचा. म्हणजे आपली इंजिनं या रुळांवर थोडी अंग चोरून उभी असतात. रूळ हातानं बनवायची तयारी नसेल तर हे चालवून घ्यावं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे; तिथे एका वेळी अनेक गाड्या फिरतात, सिग्नल बदलतात. जरूर बघावं, पण त्याची नक्कल घरी करू नये. ते शंभर माणसांना दाखवण्यासाठी आहे, आपलं एकानं चालवण्यासाठी.

आपल्या भागाचंही थोडं बघायला हवं. उन्हाळ्यातल्या वीस अंशांच्या फरकानं तीन मीटर रूळ जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. जोडांत ब्लेडच्या पात्याएवढ्या फटी ठेवल्या की झालं. खरा त्रास लाकडाचा. शहापूर-मुरबाडच्या पावसात भिंती ओल धरतात, साधा प्लाय फुगतो आणि त्यावरचे सांधे अडकतात. चांगला, पाण्याला दाद न देणारा प्लाय घ्यावा, खालूनही रंगवावा, आणि फळी भिंतीपासून दोन इंच सुटी ठेवावी. वाळवीलाही त्यामुळे सहज वाट मिळत नाही.

रूळ विकत घेण्याआधी कागदाचे सांधे करा. पेकोसारख्या रूळ बनवणाऱ्या कंपन्या आपल्या सांध्यांचे पूर्ण आकाराचे नकाशे छापायला देतात. कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात ते निघतात, फक्त प्रत शंभर टक्के मापाची आली आहे ना, हे पट्टीनं बघून घ्या. फळीवर चिकटवा आणि पुठ्ठ्याचे डबे हातानं सरकवून पूर्ण गाडी एकदा आणा आणि परत पाठवा.

ते जमलं की मुरबाडला एक सायडिंग, म्हणजे एका टोकाला बंद असलेली बाजूची लाइन द्या, तिथल्या एमआयडीसीसाठी. ती लूपमधून फुटू दे. पण कुठल्या दिशेला? कल्याणच्या दिशेला तोंड करून काढली तर आलेली मालगाडी नुसती मागे ढकलली की वॅगन आत. सोपं आहे. उलट दिशेला, गाडी जिथे संपते तिकडे तोंड करून काढली, तर इंजिन आधी सुटून, लूपवरून फिरून, वॅगनच्या मागे यावं लागतं, मगच ती आत ढकलता येते. सांधा दोन्हीकडे एकच, खर्चही तेवढाच. दुसऱ्या प्रकारात जास्तीचा रूळही लागत नाही, कारण सायडिंग त्या शेवटच्या तुकड्याच्या शेजारीच बसते. मी दुसरी निवडेन. मालगाडी आली की वीस मिनिटांची निश्चिंती.