खंदकातल्या शिपायाचं नाव



पहिल्या महायुद्धातले मुस्लिम सैनिक, असा विषय निघाला की भाषण कुठल्या दिशेला जाणार हे बहुतेक ठरलेलं असतं. चार शूरांची नावं, त्यांची पदकं आणि शेवटी, ‘बघा, आम्हीही रक्त सांडलंय.’ आज मला तो पुरावा मांडायचा नाही. मला खंदकातल्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

आधी सगळ्यांना माहीत असलेलं नाव घेतो. खुदादाद खान, 129वी बलुची पलटण. 31 ऑक्टोबर 1914 रोजी बेल्जियममधल्या होलेबेके इथे जर्मन हल्ला आला. दोनपैकी एक मशीनगन तोफगोळ्याने उडाली. दुसऱ्या गनवरचे पाच साथीदार मारले गेले, तरी खुदादाद जखमी अवस्थेत एकटा गन चालवत राहिला. जर्मनांनी त्याला मेलेला समजून सोडलं. तो रांगत परत आला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा तो पहिला भारतीय सैनिक. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावंच. पण त्या गनवर माणसं सहा होती. उरलेल्या पाचांची नावं इथे कुणाला येतात?

खंदकातला बहुतेक शिपाई त्या पाचांसारखा होता. महिना 11 रुपये पगार. 1914 च्या सप्टेंबरअखेरीपासून या पलटणी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरू लागल्या. अंगावर उन्हाळी सुती खाकी, हातात तिथेच दिलेल्या नव्या बंदुका. काही आठवड्यांत त्यांना फ्लँडर्सच्या चिखलात उभं केलं. गुडघाभर गार पाण्यात उभं राहून पाय सुजत, काळे पडत, कधी कापावे लागत. अंगावर उवा. पोलादी टोप तेव्हा आलेलेच नव्हते. हातबॉम्ब पुरेसे नव्हते, म्हणून मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांत दारूगोळा भरून फेकत. शत्रू समोर दिसायचाच असं नाही. मरण बहुतेक वेळा दूरवरच्या तोफेतून यायचं. दोन्ही खंदकांमधल्या मोकळ्या जमिनीत पडलेल्याला उचलायलाही कुणी जाऊ शकत नसे. मग जनाजा कुठला आणि कबर कुठली?

त्यांची पत्रं सरकार उघडून वाचत असे. म्हणून ते आडून लिहीत. काळी मिरी संपत आली, म्हणजे आपली माणसं संपत आली. लाल मिरची म्हणजे गोरे. जखमी माणूस बरा झाला की त्याला पुन्हा खंदकात पाठवत, याचा त्यांना फार राग होता. ही पत्रं वाचली की कळतं, ती आज्ञाधारक लाकडी बाहुली नव्हती. विचार करणारी, घाबरणारी, चिडणारी माणसं होती.

त्यातच नोव्हेंबर 1914 मध्ये तुर्की सुलतानाने, म्हणजे तेव्हाच्या खलिफाने, ब्रिटिशांविरुद्ध जिहाद पुकारला. मुस्लिम शिपायाने काय करायचं? एकाच घरातले दोन आफ्रिदी भाऊ बघा. जमादार मीर मस्त मार्च 1915 मध्ये खंदक सोडून जर्मनांकडे निघून गेला. जमादार मीर दस्त 26 एप्रिल 1915 ला ईप्रच्या लढाईत विषारी वायूत उभा राहिला, आठ अधिकाऱ्यांना वाचवलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आता सांगा, यातून ‘मुसलमान एकनिष्ठ’ सिद्ध होतं की ‘मुसलमान बेभरवशाचा’? काहीच होत नाही. दोन माणसांनी दोन निर्णय घेतले, एवढंच. एकाचं पदक आपण मिरवलं, तर दुसऱ्याचं पळून जाणंही आपल्याच माथी येतं. प्रमाणपत्राचा हा खेळ आपण खेळूच नये.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तेव्हाच्या पलटणींत बहुतेक शिपाई मराठे असत, पण ‘दखनी मुसलमान’ अशा कंपन्याही असत. ही आपली माणसं. यांपैकी 103, 110 आणि 117 या तीन पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये गेल्या. डिसेंबर 1915 मध्ये तुर्कांनी त्यांना कूत इथे वेढलं. 147 दिवस ते खंदकांत अडकले. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले. धर्म-जातीच्या बंधनामुळे पुष्कळ हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, ते मांस बराच काळ नाकारलं. हिरड्या सडवणारा स्कर्व्ही त्यांच्यात पसरला. सुटकेसाठी आलेल्या फौजेची सुमारे 23,000 माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. 29 एप्रिल 1916 ला शरणागती. पुढे वाळवंटातून पायपीट आणि कैद. त्यातून पुष्कळजण परतलेच नाहीत.

त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. ब्रिटिश सैनिकांची नावं तिथे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा लिहिला. मराठा शिपाई आणि दखनी मुसलमान शिपाई, दोघे त्या एकाच आकड्यात गेले. 2021 मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या चौकशी समितीने हा भेदभाव कबूल केला. किमान 1,16,000 मृतांची, बहुतेक आफ्रिकी, भारतीय आणि इजिप्शियन, नावानिशी किंवा मुळीच स्मृती जपली गेली नाही, असं तिचा अहवाल सांगतो. आता नावं शोधण्याचं काम सुरू आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आपल्याकडच्या काही गावांत जुनी दगडी पाटी आहे: इथून इतके लढाईवर गेले, इतके मेले. तिथेही आकडाच. तुमच्या गावात ती असेल तर वाचा. घरातल्या बुजुर्गांना विचारा. ट्रंकेत एखादं पदक असेल तर त्याच्या कडेवर पलटण आणि नाव कोरलेलं आहे का, ते बघा. आयोगाच्या संकेतस्थळावर पलटणीवरून शोध घेता येतो, तिथे बघा. आणि शेजारच्या मराठा घरातल्या मुलाला बरोबर घ्या, कारण त्याचा पणजोबाही त्याच आकड्यात असेल.

कुणाला काही सिद्ध करून दाखवायला हे करू नका. ज्या माणसाला ना कबर मिळाली ना नाव, त्याचं नाव तरी त्याला परत मिळावं, म्हणून करा.