‘कौटुंबिक कारण’ म्हणजे काय?



आत्महत्या म्हटलं की डोळ्यांपुढे कर्जबाजारी शेतकरी येतो. तो यायलाच हवा. पण २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत ४५,०२६ बाया होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त ‘गृहिणी’. त्यांच्यासाठी कुठला मोर्चा निघाला?

पोलिसांच्या कागदावर कारण असतं ‘कौटुंबिक’. या शब्दाचा मला राग येतो. मारहाण, संशय, मुलगा नाही म्हणून टोमणे, माहेरचा बंद दरवाजा, सगळं त्यात गडप होतं.

श्रीलंकेचा अनुभव ऐका. तिथे १९९५ पासून जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. दुःख संपलं म्हणून नव्हे. तो क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो, तेवढ्यात विष हाताशी नसलं तर माणूस वाचतो. म्हणून फवारणीचं औषध घरात नको, हा विषय बचत गटाच्या बैठकीत घ्या.

शेजारणीची काळजी वाटली तर सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो.

आणि वाचलेल्या बाईला सांगा, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम ३०९ नव्या न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, उरलेलं नाही. दवाखान्यात तिच्याजवळ बसा. जबाब देताना नवरा-सासू खोलीबाहेर असतील, एवढं बघा.