वालाचा वेल आणि नानांचा निवडुंग

(इंदूर येथे मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही व्याख्याता नाही. पदविका घेऊन राज्य शासनाच्या उद्यानिकी विभागात लागलो, त्याला आता वीस वर्षं झाली. कोणत्या रोपाला किती पाणी, किती खत, हे शेतकऱ्यांना सांगणं हे माझं रोजचं काम. म्हणून सचिवांनी ‘घरच्या कुंड्यांवर बोला’ म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. पण आज सांगणार आहे ती माझ्याच घरातली चूक. दुसऱ्याला सांगण्यात वीस वर्षं गेली आणि घरच्या गॅलरीकडे बघायचं राहून गेलं.

आमचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत. मी नोकरीला लागलो त्या वर्षी त्यांनी एक गोल निवडुंग आणला होता. पिवळ्या काट्यांचा, लिंबाएवढा. मल्हारगंजातल्या जुन्या घरातून आम्ही फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा ती कुंडी नानांनी रिक्षात मांडीवर घेऊन आणली. तोपर्यंत तो नारळाएवढा झाला होता, आणि पुढे फुटबॉलएवढा झाला. दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात नाना गेले.

त्याच आषाढात माझ्या सातवीतल्या मुलीनं वाल लावला. बी आमच्या जुन्या परसातल्या वेलाचं, आईनं डब्यात राखेत जपून ठेवलेलं. बाजारात ज्याला बालोर म्हणतात, तीच ही वालपापडी. तिनं वालाची कुंडी निवडुंगाशेजारी ठेवली आणि रोज संध्याकाळी दोघांना एकेक तांब्या पाणी घालू लागली. म्हणायची, “आजोबांचं झाड आहे, त्याला तहान लागायला नको.” मी ऑफिसातून यायचो, बघायचो आणि मनात म्हणायचो, पोरगी किती गुणी आहे!

गणपतीच्या दिवसांत निवडुंग एका बाजूला कलला. हात लावला तर बुडाशी मऊ लागला. तपकिरी पाणी सुटलं होतं. आतून पार सडला होता. मुलगी रडत म्हणाली, “बाबा, मी दोघांना सारखंच पाणी दिलं. मग हाच का गेला?”

तिच्या प्रश्नाचं उत्तर आज तुम्हा सगळ्यांसमोर देतो.

आधी वाल. वालाचं बी रात्रभर भिजत घातलं की फुगतं आणि चार-सहा दिवसांत डाळिंब्या वर उचलून कोंब बाहेर येतो. तिथपासून त्याला घाई असते. पानं पातळ आणि रुंद. दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडी असतात; त्यातून हवा आत जाते आणि पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. शेतात मुळं खोल गेली की वाल पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसतो, पण कुंडीत मुळं जाणार कुठे? पाऊस नसेल तर कुंडीतल्या वालाला रोज पाणी लागतं. ऊन सहा तास तरी हवं. चढायला काठी किंवा दोरी हवी, कारण वाटाण्यासारखे ताणे वालाला नसतात, खोडच आधाराला वेढे घेत वर जातं.

खत मात्र बेतानं. वालाच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात. वरून युरिया घातलात तर पानं माजतात आणि शेंगांची वाट बघत बसावं लागतं. आणखी एक, “श्रावण संपला, वेल मांडवभर झाला, पण फूल नाही,” अशी तक्रार दरवर्षी कानावर येते. आपला जुना गावठी वाल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाही. दसऱ्यापर्यंत धीर धरा, वेल उपटू नका.

आता निवडुंग. एक गोष्ट आधी सांगतो. शेताच्या बांधावर जो तीनधारी निवडुंग असतो, चीक येणारा, तो खरा कॅक्टस नाही. ते एरंडाच्या कुळातलं झाड आहे. त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, मुलांना जपा. खऱ्या कॅक्टसचं कूळ जवळजवळ सगळं अमेरिका खंडातलं. नानांचा गोल निवडुंग मूळचा मेक्सिकोचा. पाऊस कधीतरीच येणार, हे त्या मुलखातल्या झाडानं गृहीत धरलेलं असतं. म्हणून त्यानं पानांचे काटे केले आणि पानांचं काम हिरव्या खोडाकडे दिलं. दिवसा त्याची छिद्रं बंद असतात. रात्री गारव्यात ती उघडून तो हवा घेतो, साठवतो आणि दिवसा उन्हात अन्न तयार करतो. त्यामुळे पाणी फार थोडं उडतं. मुळं वरवर पसरलेली असतात, पडलेला पाऊस चटकन पिऊन घेण्यासाठी.

अशा झाडाला आपण काय देतो? आपली माळव्याची काळी माती, जी पाणी धरून बसते, वर चार महिन्यांचा पाऊस, आणि त्यावर रोज एक तांब्या. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, बुरशी धरते आणि सड खालून वर चढते. त्याला हवी निम्मी माती आणि निम्मी जाडी वाळू, तळाशी विटांचे तुकडे, मोकळं भोक, भरपूर ऊन, आणि माती पूर्ण वाळल्यावरच पाणी.

पण मला सगळ्यात मोठा फरक वाटतो तो वेगळाच. वालाला पाणी कमी पडलं की दुपारीच पानं माना टाकतात. तांब्याभर पाणी घाला, संध्याकाळी वेल ताठ. तो आपलं दुखणं लगेच सांगतो. निवडुंग सांगत नाही. महिनाभर आतून सडत असतो आणि वरून तसाच हिरवा, टणक दिसतो. आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

हे सगळं मी मुलीला समजावत होतो. आई देवापुढे वाती वळत बसली होती. ती हळूच म्हणाली, “नाना उन्हाळ्यात फक्त अमावास्या-पौर्णिमेला पाणी घालायचे. थंडीत महिन्यातून एकदा, पौर्णिमेला. आणि मृग लागला की कुंडी आत पत्र्याखाली.” मी म्हणालो, “आई, मग तू बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “तुम्ही शिकलेली माणसं. आणि पोरगी इतक्या मायेनं घालत होती. मला कुणी विचारलं नाही.”

मंडळी, त्या रात्री मला झोप आली नाही. नाना गेल्यापासून “आई, काही हवंय का?” असं मी रोज विचारत होतो. ती “काही नको” म्हणायची आणि मी निश्चिंत व्हायचो. दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ नीट बसलो, तेव्हा कळलं की तिनं रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलं होतं. एकटीला ताट घेऊन बसावंसं वाटत नाही, म्हणून. आम्ही सगळे उशिरा जेवणारे. आता आमच्या घरी रात्रीचं पान आठ वाजता मांडलं जातं, सगळ्यांचं एकत्र. मुलगी आजीशेजारी बसते.

निवडुंगाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. मोठा गोळा गेला. पण त्याच्या कुशीला दोन पिल्लं फुटली होती, सडीपासून जरा वर. ती स्वच्छ सुरीनं कापली, दहा दिवस सावलीत तशीच वाळू दिली आणि मग कोरड्या वाळूत ठेवली. एक गेलं, एक जगलं. आज ते लिंबाएवढं आहे, नानांनी आणलं होतं तेवढंच. पाण्याचे दिवस मुलगी आजीला विचारून कॅलेंडरवर खुणा करते. वालाला दसऱ्यानंतर फुलं आली आणि मार्गशीर्षात आईनं घरच्या शेंगांची भाजी केली.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. कुंडीत पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. वाल असेल आणि माती कोरडी लागली, तर लगेच पाणी घाला. निवडुंग असेल आणि जराही ओल लागली, तर तांब्या परत न्या. आणि घरात जे माणूस “काही नको” म्हणतं, त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.

गणपती बाप्पा मोरया!