तिसरी क्लॅरिनेट
(स्नेहसंमेलनातील मनोगत)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू स्टॉकहोमला असतेस, तिथल्या आयटीबद्दल बोल." पण त्याबद्दल मी आठवड्यातून पाच दिवस बोलतेच. आज मी बँडबद्दल बोलणार आहे. त्याला कारण आहे, आणि ते कारण आत्ता पहिल्या रांगेत बसलंय. बँडचे सर, तुम्ही आलात, फार बरं वाटलं.

आपला बँड आठवतोय ना? पुढे साईड ड्रम, मध्ये बास ड्रम, मागे आम्ही बासरीवाल्या मुली. सर फळ्यावर सरगम लिहायचे आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. मी तीन वर्षं वाजवलं. दहावीत २६ जानेवारीच्या दहा दिवस आधी मी बँड सोडला. कारण सांगितलं खोकल्याचं. ते खोटं होतं. मला सराव परीक्षेचे मार्क वाढवायचे होते, आणि वाटलं, मागच्या रांगेतली एक बासरी कमी झाली तर कुणाला कळणार? सर एवढंच म्हणाले, "बासरी पुसून कपाटात ठेव." माझ्या जागी आठवीतली एक मुलगी घाईघाईने उभी केली गेली. मार्क मिळाले, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, नोकरी मिळाली. बासरी राहिली ती राहिलीच.

स्वीडनमध्ये पहिला हिवाळा जड गेला. दुपारी तीनला अंधार. एका सहकाऱ्याने सांगितलं, आमच्या हौशी बँडमध्ये ये, आठवड्यातून एक संध्याकाळ, सगळे शिकाऊच आहेत. चाळिशीत मी क्लॅरिनेट हातात घेतली. शाळेच्या सभागृहात तालीम होते, मध्ये कॉफी आणि वेलचीचा बन. तिथे शिक्षकांना, कंडक्टरलासुद्धा नावानेच हाक मारतात. माझ्या तोंडून अजून 'सर'च निघतं.

गेल्या वर्षी आम्ही ह्यूगो आल्फव्हेन यांची 'मिडसोमारव्हाका' बसवायला घेतली. 'व्हाका' म्हणजे जागरण. जून महिन्यात तिथे मिडसमरचा सण असतो. रात्र जेमतेम काळोखी होते, लोक फुलापानांनी सजवलेल्या खांबाभोवती फेर धरतात, नवे बटाटे आणि मुरवलेले हेरिंग मासे खातात आणि पहाटेपर्यंत नाचतात. आपण कोजागरीला जागतो ना, त्याच्या जवळचंच म्हणा, फक्त चंद्राऐवजी सूर्यच मावळायला तयार नसतो.

आल्फव्हेननी ही रचना १९०३ मध्ये मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिली. स्वीडिश लोकधुनांवर आधारलेली ही त्यांची पहिली रॅप्सडी. या धुना गावोगावचे वादक कागदाशिवाय, ऐकून ऐकून पुढच्या पिढीला देत आले होते. सुरुवातीला क्लॅरिनेट एक खट्याळ सूर घेऊन येते. पुढे जाडजूड आवाजाचा बासून दारू चढल्यासारखा झोकांड्या खातो. मग रात्र शांत होते आणि एक संथ, हुरहुर लावणारी धून येते. शेवटी पहाट, आणि 'पोल्स्का' हा तीन मात्रांचा नाच, जो वेग घेतच जातो.

बँडमध्ये व्हायोलिन नसतात. म्हणून मूळ रचनेत व्हायोलिनना असलेलं बरंचसं काम बँडच्या मांडणीत क्लॅरिनेटवर पडतं. आमच्यात पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्लॅरिनेट असतात. धून पहिलीकडे. मी अर्थातच तिसरी. माझ्या कागदावर लांबच लांब धरलेले सूर, नाहीतर नुसता ठेका. चुकू नये म्हणून मी इतकं हळू वाजवायचे की माझं मलाही ऐकू येत नसे.

एका तालमीत संथ भागात कंडक्टर थांबले. म्हणाले, "तिसऱ्या क्लॅरिनेट गप्प राहा, बाकीचे वाजवा." बाकीच्यांनी वाजवलं. सूर बरोबर होते, पण काहीतरी पोकळ लागत होतं. मग आम्हाला घेऊन पुन्हा वाजवलं, आणि सभागृह भरून आलं. मी कागद नीट पाहिला. त्या जागी इतरांकडे षड्ज आणि पंचम होते, गंधार फक्त आमच्याकडे होता. गंधार नसला तर तो शुद्ध की कोमल, सूर आनंदी की उदास, हे ऐकणाऱ्याला कळतच नाही.

तेव्हा मला आपलं मैदान आठवलं. सर, तुम्ही मागच्या रांगेला वेगळी सरगम का लिहून देत होता, ते मला तीस वर्षांनी कळलं. मला वाटायचं, आम्हाला सोपं दिलंय. त्या २६ जानेवारीला मी घरी गणितं सोडवत बसले होते. परेड कशी झाली, हे विचारायचं धैर्यही मला झालं नाही. माझ्या जागी उभी राहिलेली ती मुलगी आज इथे असेल, तर तिचीही मी माफी मागते. दहा दिवसांत ती ओळ बसवणं किती कठीण होतं, हे आता मला ठाऊक आहे.

सर, मला खोकला झाला नव्हता. हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, तरी तुम्ही मला वर्गात कधी बोलला नाहीत. ते न बोलणंच इतकी वर्षं माझ्याबरोबर होतं.

'मिडसोमारव्हाका'च्या सुरुवातीच्या धुनेची सरगम मी लिहून आणली आहे, आताच्या बँडच्या मुलांसाठी. पहिल्या बासरीला धून आहे, आणि मागच्या रांगेची ओळही मी मन लावून लिहिली आहे. मुख्याध्यापकांनी उद्या सकाळी तालमीला यायची परवानगी दिली आहे. सर, तुमची हरकत नसेल तर मला मागच्या रांगेत उभं करा. बासरी पुसून आणली आहे.