वारा मोजणाऱ्या बाई

रेडिओवर हवामानाचा अंदाज लागला की आमच्या भिवंडीत लोक आधी हसतात. यंत्रमागांच्या खडखडाटात तो धड ऐकूही येत नाही. पण श्रोतेहो, तो वारा, तो पाऊस मोजणारी उपकरणे या देशात बनू लागली, त्यामागे अ‍ॅना मणी नावाच्या एक बाई होत्या.

जन्म १९१८चा, केरळातल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याची कर्णफुले देऊ केली. या मुलीने ज्ञानकोश मागितला. गंमत बघा, पुढे बंगळुरात सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केले ते हिऱ्यांवरच! स्वतःच्या एकट्याच्या नावावर पाच शोधनिबंध लिहिले. १९४५ साली प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे गेला. एम.एस्सी. नाही, म्हणून डॉक्टरेट नाही, असे उत्तर आले.

आमच्या गल्लीत घरी बसून धागे कापणाऱ्या मुली डझनांचा हिशेब तोंडी करतात. दाखला नाही म्हणून पुढचा वर्ग नाही, हे त्यांच्याबाबत मी अनेकदा ऐकले आहे.

तिकडे अमेरिकेतही हेच. ‘कॉम्प्युटर’ हा तेव्हा यंत्राचे नाव होण्याआधी बायकांचा हुद्दा होता, आणि लँग्लेच्या केंद्रात काळ्या बायकांचा विभाग वेगळा, जेवणाचे टेबलही वेगळे. मेरी जॅक्सन यांना इंजिनियर होण्यासाठी गोऱ्यांच्या शाळेतल्या वर्गात बसायची परवानगी मागावी लागली. आणि १९६२ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघण्यापूर्वी जॉन ग्लेन यांनी यंत्राचे आकडे पुन्हा तपासून घेतले ते कॅथरिन जॉन्सन यांच्याकडूनच.

अ‍ॅना मणी १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. साधे तापमापकही तेव्हा परदेशातून येत. १९५३पर्यंत त्या विभागप्रमुख झाल्या. हाताखाली १२१ पुरुष. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी पक्के करून घेतले.

१९६३ साली विक्रम साराभाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थुंबा येथे हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारला. तिथले छोटे अग्निबाण उडाल्यावर वळवता येत नसत. त्यामुळे जमिनीलगतच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजूनच त्यांचा कोन ठरवावा लागे. २१ नोव्हेंबर १९६३च्या संध्याकाळी पहिला अग्निबाण सुटला. उंचावरचा वारा कळावा म्हणून त्याने आकाशात सोडियमची वाफ सोडली आणि तिचा नारिंगी ढग पसरला.

अ‍ॅना मणी २००१ साली गेल्या. तो प्रबंध बंगळुरात रामन यांच्या संस्थेच्या ग्रंथालयात, इतर प्रबंधांसारखाच बांधून ठेवलेला आहे.